शब्द बरोबर, वाक्य चूक

प्रश्न : मी अलीकडेच एका प्रकाशनसंस्थेत रुजू झाले. आलेला मजकूर वाचून वाक्यं दुरुस्त करणं हे माझं काम. शुद्धलेखन मला चांगलं येतं, ऱ्हस्व-दीर्घ सहसा चुकत नाही. पण शब्द बदलायची वेळ आली की गोंधळ उडतो. एखादा शब्द खटकला की समानार्थी शब्दांच्या यादीतून मी दुसरा घालते. आमचे ज्येष्ठ संपादक तो खोडतात आणि समासात 'शब्द चुकला' एवढंच लिहितात. कोशात पाहिलं तर माझा शब्द बरोबर असतो! सहा वाक्यं सोबत पाठवते, मी केलेल्या बदलांसह. नेमका शब्द निवडणं शिकता येतं का, की ते उपजतच लागतं? आणि संपादकांना कारण विचारलेलं चालेल का?

— शब्दांत अडकलेली

उत्तर : सप्रेम नमस्कार.

शिकता येतं. उपजत कान वगैरे जे म्हणतात, तो बहुतेक वेळा भरपूर वाचनाचा आणि थोड्या संशयी स्वभावाचा परिणाम असतो. संशय तुमच्याकडे आहे, तुमच्या पत्रावरून दिसतोच. फक्त तो चुकीच्या शब्दावर जातोय.

तुम्ही पाठवलेले बदल मी एकाखाली एक लिहून पाहिले. 'मदत'चं 'साहाय्य' केलंत. 'निधन'चं 'देहावसान' केलंत. 'संशोधन'चं 'अन्वेषण' केलंत. काही लक्षात येतंय? शब्द खटकला की तुम्ही त्याहून जड शब्द आणता. साधा शब्द अशुद्ध आणि संस्कृत वळणाचा शब्द शुद्ध, हा समज आपल्याला निबंधाच्या वहीपासून चिकटलेला असतो. तो आधी सोडा. जड शब्द घातल्यानं चूक जात नाही, भारदस्त कपडे घालून तिथेच उभी राहते.

दुसरं, शुद्धलेखन येतं म्हणून शब्द जमायला हवेत, अशी तुमची अपेक्षा दिसते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा नियम तुम्हाला पाठ असतील. उत्तमच. पण ते नियम शब्द कसा लिहायचा ते सांगतात. कुठला लिहायचा ते नाही. 'निधन' आणि 'ठार' हे दोन्ही शब्द त्या अठरा नियमांत निर्दोष बसतात. ते दोन्ही एकाच वाक्यात चालतील का, हा प्रश्न त्या नियमांच्या कक्षेतच येत नाही.

आता समानार्थी शब्दांच्या यादीबद्दल. या यादीचा दोष असा की तिथे शब्द एकटे उभे असतात. पाणी, जल, उदक, नीर : एका ओळीत स्वल्पविराम देऊन बसवले की चौघं सारखेच वाटतात. मग कुणाच्या तोंडाला जल सोडून बघा. किंवा कुणाला उदक पाजून हरवून बघा. उलट बाजूनं, 'जलतरण' स्पर्धेला 'पाणीतरण' म्हणता येत नाही आणि पाणबुडीची जलबुडी होत नाही. 'तारीख' आणि 'दिनांक' घ्या. फारसीच्या वाटेनं आलेल्या 'तारीख'ला पर्याय म्हणून 'दिनांक' आला. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून रूढ झालेल्या शब्दांत त्याची गणना होते. पत्राच्या कोपऱ्यात तो छान बसला. पण न्यायालयात अजून तारीखच पडते, लग्नाची तारीखच ठरते आणि मुदतीची तारीखच उलटते. 'दिनांक' पुढे आकडा असेल तरच शोभतो. अर्थ एकच, पण बसायची जागा वेगळी. समानार्थी यादी ही जागा सांगत नाही, आणि तुमचे संपादक जे खोडतात ते बहुधा ही जागा पाहून.

मग जागा कशी ओळखायची? शब्दाच्या शेजाऱ्यांकडे बघायचं. आधी क्रियापदाकडे.

तुमचं पहिलं वाक्य : 'संस्थेने सर्वांना सहकार्याचे आव्हान केले आहे.' तुम्हाला 'सहकार्याचे' खटकलं आणि तुम्ही 'मदतीचे' केलंत. बिचारं सहकार्य काही चुकलं नव्हतं. आता 'केले' हे क्रियापद बघा. आव्हान कुणी करत नाही. आव्हान देतात, स्वीकारतात, पेलतात, कधी आव्हान उभं राहतं. करतात ते आवाहन. 'वा' आणि 'ह' मिळून 'व्हा' झाला आणि विनवणी करणारी संस्था लोकांसमोर दंड थोपटून उभी राहिली. अर्थ माहीत नसता तरी निव्वळ 'केले'वरून ही चूक पकडता आली असती. संगणकातला शुद्धिचिकित्सक मात्र ती पकडेलच असं नाही, कारण त्याच्या यादीत दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

मराठीत क्रियापद शब्दाचा अर्थ किती वळवतं, हे आपण बोलताना जाणतो आणि लिहायला बसलो की विसरतो. झोप येते तेव्हा डोळे जड होतात. झोप लागते तेव्हा माणूस झोपलेला असतो. 'मला रात्री उशिरापर्यंत झोप आली नाही' आणि 'लागली नाही' यांत फरक आहे : पहिला माणूस ताजातवाना आहे, दुसरा कूस बदलतोय. आठवण येते ती माणसाची, तो जवळ नसतो म्हणून. आठवण होते ती काहीतरी पाहून किंवा ऐकून. आठवण करून देतात ती विसरलेल्या कामाची. आणि आठवण काढतात तेव्हा चार जण बसून कुणाबद्दल तरी बोलत असतात. प्रश्न विचारतात तो दुसऱ्याला, प्रश्न पडतो तो स्वतःला, प्रश्न मांडतात तो सभेत, आणि प्रश्न उपस्थित होतो तेव्हा तो नेमका कुणी विचारला हे सांगायचं नसतं. (हा शेवटचा प्रकार दिसला की मी लेखकाला जरूर विचारते : कुणी उपस्थित केला?)

'लक्ष' तर यांत सगळ्यात गमतीचं. 'मुलांवर लक्ष द्या' हे वाक्य तुमच्या हाती आलं तर काय कराल? 'लक्ष' बदलून 'ध्यान' करण्यात अर्थ नाही. इथे दोन वाक्यं एकमेकांत घुसली आहेत. 'मुलांकडे लक्ष द्या' यात काळजी आहे. 'मुलांवर लक्ष ठेवा' यात पहारा आहे. लेखकाला यातलं कुठलं हवंय ते आजूबाजूचा मजकूर सांगेल. पालकांसाठी लिहिलेल्या लेखात पहिलं असेल, परीक्षेच्या पर्यवेक्षकांसाठी काढलेल्या सूचनेत दुसरं. त्याच्या पुढे 'लक्षात येणे', 'लक्षात घेणे', 'लक्षात ठेवणे' आहेतच. 'ही अडचण लक्षात ठेवून नियम शिथिल केला' असं वाक्य सर्रास दिसतं. तिथे 'लक्षात घेऊन' हवं. ठेवायचं ते पुढे कधीतरी उपयोगी पडणारं. घ्यायचं ते आत्ताच्या निर्णयासाठी.

क्रियापदानंतर बघायची ती विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं. तुमचं दुसरं वाक्य : 'त्याने माझी खूप मदत केली.' तुम्ही 'साहाय्य' घातलंत आणि मग 'माझी'चं 'माझे' करावं लागलं. वाक्य होतं त्याहून अवघडलं. 'मदत' हा शब्द इथे निर्दोष आहे. खटकतंय ते 'माझी'. मराठीत मदत कुणाची करत नाहीत, कुणाला करतात. 'त्याने मला खूप मदत केली.' संपलं. 'माझी मदत' हे हिंदीच्या वळणावरून आलेलं आहे. त्याच वाटेनं 'मी तिच्याशी भेटलो' येतं (हवं 'तिला भेटलो', बोलतो मात्र तिच्याशी) आणि 'तो कुत्र्यापासून घाबरतो' येतं (हवं 'कुत्र्याला घाबरतो').

ही माझी पहिली शिफारस समजा : शब्द खटकला की त्या शब्दाला हात लावण्याआधी त्याच्या डावी-उजवीकडचे प्रत्यय तपासा. निम्म्या वेळा चोर शेजारी सापडतो.

प्रत्ययात किती अर्थ भरलेला असतो याचा नमुना म्हणून 'हात' घ्या. अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन होतं. माझ्या हातून चूक होते. पत्र हाताने लिहिलं जातं. पुस्तक एखाद्याच्या हाती लागतं, आणि निरोप कुणाच्या तरी हाती पाठवला जातो. 'माझ्या हस्ते कप फुटला' असं कुणी लिहिलं तर एकतर तो विनोदी लेखक आहे किंवा त्यानं कप फोडण्याचा समारंभ केला आहे. 'हस्ते' मानाचं, 'हातून' नकळत घडल्याचं, 'हाताने' साधनाचं. कोशात 'हात' या नोंदीवर नुसती नजर टाकून हे कळत नाही.

चौथं वाक्य इथेच घेते, कारण त्याची किल्लीही प्रत्ययात आहे. 'समितीने नियमात संशोधन केले.' तुम्ही 'अन्वेषण' केलंत. गुन्ह्याचा तपास करणाऱ्या शाखेच्या नावात हा शब्द असतो. तुमच्या समितीनं नियमालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं! 'नियमात' मधला 'त' बघा. संशोधन नियमांवर होतं, नियमांविषयी होतं. नियमात होते ती दुरुस्ती, सुधारणा किंवा बदल. हिंदीत कायद्यातल्या बदलाला संशोधन म्हणतात. मराठीत घटनादुरुस्ती म्हणतात. तेव्हा इथे 'समितीने नियमात दुरुस्ती केली'. दुरुस्ती की सुधारणा? नियम आधी चुकीचा होता असं म्हणायचं असेल तर दुरुस्ती ठीक. तो आणखी चांगला केला असं म्हणायचं असेल तर सुधारणा. दोन्हींपैकी काही सुचवायचं नसेल तर सरळ 'बदल'.

दोन्ही भाषांत सारखे दिसणारे आणि वेगळं बोलणारे असे शब्द बरेच आहेत. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठीत शिक्षा झाली की माणूस तुरुंगात जातो, हिंदीत शाळेत. आपत्ती आपल्याकडे कोसळते, हिंदीत ती घेतली जाते. आपण घेतो ती हरकत किंवा आक्षेप. 'महामंडळ पुरस्कृत नियम' यात महामंडळानं नियम पुढे केले, त्यांना पाठिंबा दिला असा अर्थ आहे. नियमांना बक्षीस मिळालेलं नाही. बक्षीस मिळालेल्या लेखिकेला मराठीत 'पुरस्कारप्राप्त' म्हणा. 'गर्व'बद्दल हल्ली वाद होतो, कारण 'मला गर्व आहे' असं लोक चांगल्या अर्थानं म्हणू लागलेत. बोलण्यात मी कुणाला टोकत नाही. छापायच्या मजकुरात मात्र मी 'अभिमान' करते. 'गर्वाचे घर खाली' ही म्हण जोवर सगळ्यांना ठाऊक आहे, तोवर त्या शब्दाला लागलेला अहंकाराचा वास जाणार नाही. परभाषेतून शब्द आला म्हणून माझा विरोध नाही. 'तारीख'ही बाहेरूनच आली आणि घरची झाली. वाचणाऱ्याला दोन अर्थांत अडकवणारा शब्द नको, एवढंच.

तिसरं वाक्य जरा गंभीर. 'अपघातात तीन प्रवाशांचे निधन झाले.' इथे मात्र तुमचा संशय योग्य शब्दावर गेला, 'निधन' खरंच खटकतं. पण का खटकतं ते न पाहता तुम्ही 'देहावसान' आणलंत, म्हणजे ज्या दिशेनं चूक झाली त्याच दिशेनं आणखी पुढे गेलात. मराठीत मरणाचे शब्द मेलेला माणूस कोण, कसा गेला आणि सांगणारा कोण, यावर ठरतात. 'निधन' आदराचा शब्द आहे आणि तो नाव असलेल्या माणसाला लागतो : अमुक ज्येष्ठ गायकांचे निधन. अशा परिचित व्यक्तीचं 'अपघाती निधन'ही होतं. पण नाव न देता आकडा दिला की निधन विचित्र वाटतं. तिथे 'तीन प्रवासी ठार झाले' किंवा 'तिघांचा मृत्यू झाला' हवं. 'ठार' अपघात, हल्ला, चकमक यांसाठी. रुग्णालयात आजारानं गेलेला माणूस ठार होत नाही. साथीत माणसं दगावतात, गुरंही दगावतात. घरातलं माणूस वारतं किंवा नुसतं 'जातं'. 'कालवश', 'निवर्तले', 'देहावसान' हे शोकसंदेशाच्या पानावरचे शब्द. तिथे ते शोभतात, बातमीत नाही. आणि 'मृत्यू' हा शब्द बहुतेक ठिकाणी चालतो. अडलात तर तो घ्या. फिका वाटेल, पण चुकणार नाही.

शब्दाची जागा चुकली की नुसतं कानाला खटकतं असं नाही, कधी माणसावर अन्याय होतो. 'पोलिसांनी गुन्हेगाराला अटक केली' हे वाक्य तपासताना बहुतेक जण त्यावरून नजर फिरवून पुढे जातात. अटक झाली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही. नुसता संशय असेल तर तो संशयित, आरोप ठेवला गेला असेल तर आरोपी, न्यायालयानं निकाल दिला असेल तर दोषी. इथे समानार्थी यादी काढलीत तर लेखकासह प्रकाशकही अडचणीत येईल. याच जातीची, पण हसू आणणारी जोडी म्हणजे 'कार्यवाही' आणि 'कारवाई'. कार्यवाही म्हणजे ठरलेलं काम रीतसर पार पाडणं; कारवाई म्हणजे कुणाविरुद्ध तरी उचललेलं पाऊल. 'माझ्या अर्जावर लवकरात लवकर कारवाई करावी' असं लिहिणारे अर्जदार स्वतःवर काय ओढवून घेतायत याची त्यांना कल्पना नसते.

पाचव्या वाक्यात तुम्ही कोशाप्रमाणे अगदी बरोबर आहात आणि तरीही संपादकांनी खोडलं. 'माझ्या अपरोक्ष हा निर्णय झाला.' अक्ष म्हणजे डोळा. परोक्ष म्हणजे डोळ्याआड. अपरोक्ष म्हणजे त्याच्या उलट, समक्ष. वेदान्तात 'अपरोक्ष ज्ञान' म्हणजे प्रत्यक्ष अनुभवाचं ज्ञान. म्हणजे मूळ वाक्याचा काटेकोर अर्थ होतो, माझ्या डोळ्यांदेखत निर्णय झाला. लेखकाला नेमकं उलट म्हणायचंय. म्हणून तुम्ही 'परोक्ष' केलंत, तर्काला धरून. पण बोलण्यात आणि छापील मजकुरातही 'अपरोक्ष' हा शब्द 'पाठीमागे' या अर्थानं इतका पसरलाय, की 'परोक्ष' वाचून निम्मे वाचक उलटा अर्थ घेतील आणि उरलेले थबकतील. अशा शब्दाशी भांडू नये, त्याला वळसा घालावा. आणि वळसा घालताना लेखकाची तक्रार नेमकी काय आहे ते पाहावं. 'माझ्या गैरहजेरीत' म्हटलं तर फक्त घडलं ते सांगितलं. 'माझ्या पाठीमागे' म्हटलं तर त्यात लपवाछपवीचा आरोप आला. 'मला न विचारता' म्हटलं तर तो माणूस तिथे हजरही असू शकतो, त्याला किंमत दिली नाही एवढंच. तीन वेगळी वाक्यं आहेत ही. अपरोक्ष-परोक्षाच्या वादात ही निवडच राहून गेली.

दिसायला जुळ्या असणाऱ्या शब्दांवर मी फार वेळ घालवत नाही, कारण तुमचं ऱ्हस्व-दीर्घ पक्कं आहे. दिन-दीन, शिर-शीर, सुत-सूत, सलिल-सलील तुम्ही चुकणार नाही. 'अनावृत पत्र' जपा. तिथे जोडाक्षराचा 'त्त' आला तर उघड्या पत्राचं पुन्हा न घडलेलं पत्र होतं. आणि जागा सोडण्याकडे लक्ष द्या, ती अक्षरात मोजली जात नाही म्हणून सुटते. 'मीही पुस्तके वाचली' आणि 'मी ही पुस्तके वाचली' : पहिल्यात वाचणारे आणखी आहेत, दुसऱ्यात पुस्तकं समोर आहेत.

आता कधी शब्द बदलू नये, हेही सांगायला हवं, कारण नव्या माणसाचा हात बदलायला शिवशिवतो. एखादा शब्द तीन ओळींत तीनदा आला की तुम्हाला तो खटकत असेल. 'पुनरुक्ती' म्हणून तुम्ही तो बदलत असाल, असा माझा अंदाज आहे. करू नका. लेखकानं तीनदा 'करार' लिहिलं असेल आणि तुम्ही दुसऱ्या ठिकाणी 'समझोता', तिसऱ्या ठिकाणी 'तह' केलंत, तर वाचकाला वाटेल तीन वेगळ्या गोष्टी घडल्या. करार अटींवर होतो, समझोता दोघांनी थोडंथोडं सोडून होतो, तह लढाईनंतर होतो. कायदा, विज्ञान, हिशेब अशा मजकुरात तर एका गोष्टीला शेवटपर्यंत एकच शब्द हवा. ललित लेखनात पुनरुक्ती खरंच जाचत असेल तर शब्द बदलण्याऐवजी तो गाळून बघा. मराठीत 'तो', 'हा', 'त्याने' एवढ्यावर पुष्कळ भागतं, आणि कर्ता नुसत्या क्रियापदातूनही कळतो.

संवादातल्या शब्दांना तर अजिबात हात लावू नका. कादंबरीतली आजी 'मला ठावं नाय' म्हणत असेल तर तिथे 'मला माहीत नाही' ही दुरुस्ती नव्हे, तोडफोड आहे. तिच्या तोंडचा योग्य शब्द तिनं उच्चारला तोच. मात्र तीच आजी पुढच्या पानावर 'मला ज्ञात नाही' म्हणाली, तर लेखकाला जरूर विचारा.

कोशांबद्दल. तुम्ही कोणता वापरता ते लिहिलं नाहीत. नुसता प्रतिशब्द देणारा कोश या कामाला पुरत नाही. शब्द वाक्यात वापरून दाखवणारा हवा. दाते आणि कर्वे यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघालेला 'महाराष्ट्र शब्दकोश' त्यासाठी हाताशी ठेवा, त्यात जुन्या-नव्या साहित्यातले दाखले आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ची. छटा सांगण्यात तो अजूनही कमाल करतो. हे दोन्ही कोश इंटरनेटवर शोधून पाहता येतात. पण त्यांचं वय विसरू नका. तिथे दिलेला अर्थ तेव्हा चालत होता, आज चालतो की नाही हे आजच्या चांगल्या गद्यावरून ठरवा. सरकारी आणि कायद्याच्या मजकुरासाठी भाषा संचालनालयानं काढलेले परिभाषा कोश आहेत. तिथे आवडनिवड चालत नाही, ठरलेला शब्दच घालावा लागतो, मग तो कितीही रुक्ष वाटो. आणि कोश उघडलात की पहिल्या अर्थावर थांबू नका. नोंदीच्या शेवटपर्यंत जा, वाक्प्रचार तिथेच दडलेले असतात.

कोश बंद केल्यावर वाक्य एकदा मोठ्यानं वाचा. त्यानंतर आधीचं आणि पुढचं वाक्य जोडून परत वाचा. एकट्या वाक्यात बरोबर वाटलेला शब्द कितीदा तरी तिघांच्या सोबतीत उघडा पडतो. आणि एक शब्द बदललात की लिंग, वचन आणि क्रियापद तपासायला विसरू नका. 'मदत केली'चं 'साहाय्य केली' झालेलं छापून आलेलं दिसतं, ते असंच.

संपादकांना विचारायचं का? जरूर विचारा. पण 'माझा शब्द कोशात आहे' असं म्हणत जाऊ नका. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असणार : कोशात सगळेच शब्द असतात. त्याऐवजी वाक्य आणि दोन पर्याय लिहून न्या, आणि दोन्हींत तुम्हाला काय फरक दिसतो ते सांगा. 'इथे दुरुस्ती घालू की बदल? दुरुस्तीनं आधीचा नियम चुकीचा ठरतो असं मला वाटतंय.' असा प्रश्न कामाचा असतो, त्याला एका शब्दात उत्तर देऊन कुणाला सुटता येत नाही. 'शब्द चुकला' एवढंच लिहिण्याची त्यांची पद्धत मलाही पटत नाही. कारण लिहायला अर्धी ओळ पुरते आणि माणूस शिकतो. तरी त्यांच्या टेबलावर किती मजकूर पडलेला असतो त्याची कल्पना मला आहे, त्यामुळे दिवसाचे सगळे प्रश्न एकदम न्या, दर वाक्याला उठू नका.

जिथे दोन अर्थ शक्य आहेत तिथे संपादकांनाही विचारून उपयोग नाही, लेखकाला विचारा. समासात प्रश्नचिन्ह करून 'अमुक म्हणायचे आहे का?' असं लिहिण्यात कमीपणा नाही. कुठला शब्द ठेवायचा हे ठरवायचा अधिकार शेवटी त्याचा.

राहिलं सहावं वाक्य : 'त्यांनी ती गोष्ट मनावर घेतली.' तुम्ही 'मनाला लावून घेतली' केलंत. मनावर घेतलं म्हणजे त्यांनी ठरवलं, कंबर कसली, कामाला लागले. मनाला लावून घेतलं म्हणजे ते दुखावले. ती गोष्ट म्हणजे सूचना होती की टोमणा, हे या एका वाक्यातून मला कळत नाही, तुम्हालाही कळायचं कारण नाही. त्याआधीची तीन-चार वाक्यं पाठवा, मग सांगते.